एकाच डब्यातली बटणं

सोमवार, ४ जून

वन्सं,

तुम्ही फोन उचलत नाही. उचलता तेव्हा माझा आवाज ऐकला की ठेवून देता. म्हणून पत्र. पत्र फाडायचं तरी आधी उघडावं लागतं, आणि उघडलंत की तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवत ठेवत वाचा.

आधी कामाचं. लोखंडी कपाटाची दुसरी किल्ली कुठे ठेवली आहे? सभेतून उठून गेलात तेव्हा टेबलावर आपटलीत ती एकच होती, आणि ती कुलपात अडकते. दवाखान्याच्या चादरींचा कपडा आत आहे. तुमचा भाऊ म्हणतो कुलूप तोडू. मी म्हटलं, आधी विचारू, नाहीतर तेही माझ्याच नावावर जमा होईल.

आता तुम्ही रागावलात त्याबद्दल. मी माफी मागायला लिहीत नाही, उगाच शेवटपर्यंत वाट बघत बसू नका. आपल्या शिवणघराची सभा इतकी वर्षं कशी व्हायची ते तुम्हीच आठवा. एकतीस बायकांची संस्था, प्रत्येकीचा हिस्सा सारखा, कागदावर सगळ्या मालकिणी. आणि सभेत तुम्ही उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या वर्षीही अध्यक्षपण माझ्याकडेच, कोणाची हरकत नाही ना, चहा आणा." हरकत आणि चहा यांच्यामध्ये सुई शिरेल एवढी जागा नसायची. मी फक्त म्हटलं, यंदा झाकून मतं घेऊ या. तुम्ही नको असं मी म्हटलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "झाकून? माझ्यापासून झाकायचं?" आणि किल्ली आपटून निघालात ते थेट मुलाकडे, बसचा प्रवास करून. दुपारचा डबाही नेला नाहीत. तो मी खाल्ला, वाया कशाला घालवायचा.

मला मशीनवर तुम्ही बसवलंत. नवी नवरी होते, सुईत दोरा ओवता येत नव्हता, तेव्हा तुम्ही माझा हात धरून शिवण शिकवलीत. हे मी विसरलेले नाही. पण वन्सं, हात धरून शिकवलं म्हणजे तो हात जन्मभर धरूनच ठेवायचा का?

दवाखान्याचं पत्र आलं आहे. गाऊन आणि चादरींचं काम पुढे हवं असेल तर संस्थेचा अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडलेला पाहिजे, आणि तोही या महिन्याच्या आत. नाहीतर काम कारखान्याला. दवाखान्याचं काम गेलं की आपल्याकडे उरतं काय, मुलांच्या चड्ड्या आणि पडद्यांच्या कडा. दोन महिन्यांत टाळं लागेल. तेव्हा मी सभेत जे मागितलं ते आता दवाखाना मागतोय. त्यांच्यावर रुसून दाखवा.

सहकार कचेरीतली मुलगी येऊन सगळं समजावून गेली. चिठ्ठ्यांवर लिहून मत द्या म्हणाली. निम्म्या जणींना लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचं अक्षर सगळ्यांना पाठ आहे. मग मी म्हटलं, बटणं घ्या. पांढरं टाकलं की मास्तरीणबाईला मत, काळं टाकलं की दुसरीला. मुलगी खूश झाली. म्हणाली, छान कल्पना आहे, कोणाची? मी म्हटलं, सगळ्यांची.

मास्तरीणबाई उभी आहे. तुमची लाडकी, कापड कापायला बसली की कात्रीसुद्धा विचारून चालते. दुसरी कोण ते ठरतंय अजून.

किल्लीचं कळवा.

— तुमच्या भावाची बायको

रविवार, १७ जून

वन्सं,

किल्ली सापडली. दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात होती. तुम्ही कळवलं नाहीत ते नाहीच.

काल मतदान झालं. दुसरी मी होते. मागच्या पत्रात लिहिलं नाही कारण तुम्ही म्हणाला असतात, बघा, म्हणूनच झाकून मतं हवी होती हिला. म्हणा आता. मी निवडून आले. अठरा काळी, बारा पांढरी. तुमचं एक आलं नाही.

हे वाचून तुमचं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. तरी पुढचं लिहितेच, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. तुमच्या भावाला सांगितलं तर तो म्हणतो, "घरात एक अध्यक्ष आधीच होता, आता बाहेर पण तीच," आणि शाळेची व्हॅन धुवायला निघून जातो.

झालं असं. मी सगळ्यांना सांगितलं, येताना घरून एक पांढरं आणि एक काळं बटण घेऊन या. आता तुम्हीच विचार करा. आपल्यातली प्रत्येक बाई उरलेली बटणं डब्यात साठवते. जुन्या शर्टांची, बिघडलेल्या ऑर्डरींची, सासऱ्याच्या कोटाची. प्रत्येकीचा डबा वेगळा आणि त्यातलं बटणही वेगळं. आणि आपण बायका कशा? नवऱ्याचा चेहरा विसरू, पण कोणत्या गाऊनला कोणतं बटण लावलं होतं ते विसरणार नाही. हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. वर्षानुवर्षं बटणांत हात घालून बसलेल्या तीस बायका, आणि एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

कचेरीतली मुलगी म्हणाली, "आता मोजू या." मतांचा डबा कापायच्या टेबलावर उपडा केला. सगळ्या पुढे वाकल्या. आणि वन्सं, एकदम शांतता झाली. मोजत कोणीच नव्हतं. सगळ्या वाचत होत्या. चार भोकांचं जाड काळं, ते इस्त्रीवालीचं, तिच्या भावाच्या कोटाचं. कडेला टवका उडालेलं शिंपल्याचं पांढरं, ते काजवालीचं, शिंपल्याची बटणं लावलेल्या त्या शर्टांची काजं तिनेच केली होती. मी पण वाचलं. वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे मिटता येतात का? मुलगी आपली एक, दोन, तीन करत मोजत होती. तिने वर बघितलं तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ती म्हणाली, "अभिनंदन हं ताई," आणि कागदावर लिहिलं, मतदान गुप्तपणे व शांततेत पार पडलं. शांतता तर होतीच.

दवाखान्याला कागद गेला. काम राहिलं. म्हणजे जे पाहिजे होतं ते झालं.

इस्त्रीवाली म्हणाली, "बरं झालं, कोण कुठे आहे ते कळलं." मी तिला गप्प बसवलं. मी कोणाला काही बोललेले नाही, बोलणारही नाही. बारा जणींनी मला नको म्हटलं, त्यांचा हक्क आहे. मास्तरीणबाई स्वतः येऊन म्हणाली, "वहिनी, कापायचं काम माझ्याकडेच ना?" मी म्हटलं, बघू.

बघू म्हणायची गरज नव्हती. पण निघून गेलं तोंडातून.

— तुमची भावजय

शुक्रवार, २९ जून

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचं पत्र, आणि त्यात एकच ओळ. "गठ्ठे कोण वाटतं आता?"

कशी आहेस नाही, भाऊ कसा आहे नाही. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, म्हटलं मागे तरी काही असेल. काही नव्हतं. इतका राग आला की ते मी मशीनच्या खणात टाकून खण गुडघ्याने बंद केला.

मी वाटते गठ्ठे. अध्यक्ष वाटतो, तुम्हीच तसं चालवलंत. सकाळी दार उघडलं की टेबलामागे उभं राहायचं आणि एकेकीच्या हातात त्या दिवसाचं काम द्यायचं. एकीला चादरी, सरळ शिवण, संध्याकाळपर्यंत ढीग. दुसरीला गाऊनच्या नाड्या, डोळे जातात आणि नग होत नाहीत. तिसरीला दवाखान्याच्या मळक्या कपड्यांच्या कॅनव्हासच्या पिशव्या, सुया मोडतात आणि अंगठा सुजतो. नगावर पैसे. म्हणजे गठ्ठा वाटणारीच्या हातात सगळं. तुमच्या वेळी मास्तरीणबाईला कधी पिशव्या मिळाल्या? तिच्या बहिणीला? तेव्हा तुम्ही मला हा प्रश्न विचारायचा म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

असं सगळं उत्तर मी मनात तयार केलं होतं. काल ते लिहिणारही होते. पण दुपारी काजवाली आली.

तुम्हाला आठवते ना, ती मान वर करून बोलत नाही, काजं करताना पण असं वाटतं की कापडाची माफी मागतेय. डबे खाऊन झाले होते. ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, एक विचारू?"

"विचार की. तोंड बांधलंय का कोणी?"

"पुढच्या वेळी कुठलं बटण टाकायचं ते आधीच सांगून ठेवा. मी तेच टाकीन. पिशव्यांनी अंगठा कामातून गेलाय."

रडत नव्हती. चिडली पण नव्हती. धागा कुठल्या रंगाचा घालू, असं विचारावं तसं विचारलं.

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "म्हणजे मी तुला मतावरून पिशव्या दिल्या असं म्हणायचंय तुला?"

ती घाईघाईने म्हणाली, "नाही हो वहिनी. मी कुठे तसं म्हटलं?"

आणि वन्सं, तिथे मी थांबले. कारण हे वाक्य माझं आहे. "मी कुठे तसं म्हटलं." तुमच्यासमोर मी ते किती वेळा म्हटलं असेल. आम्ही सगळ्याच म्हणायचो. घरी जाताना रस्त्यात तुमची सालटी काढायची आणि सकाळी टेबलासमोर आलं की "मी कुठे तसं म्हटलं". आता ते माझ्यासमोर म्हणतात. महिनासुद्धा झाला नाही मला.

मी खरंच मतावरून दिल्या का पिशव्या? तुम्हाला खरं सांगते, मला माहीत नाही. मी सकाळी ढिगाकडे बघते, समोर बाई बघते, आणि हात आपोआप जातो. शिंपल्याचं ते टवका उडालेलं बटण डोळ्यासमोर येत नाही असं शपथेवर सांगता येणार नाही. इस्त्रीवालीला मी एकदाही पिशव्या दिल्या नाहीत. तिला शिवता येत नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगते. तिला चादरी शिवता येतात. मग पिशव्या का येऊ नयेत?

मला वाटत होतं अडचण हात वर करण्याची आहे. झाकून मत दिलं की भीती जाईल. पण बायका मताला घाबरत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गठ्ठ्याला घाबरत होत्या. मी मत झाकलं आणि गठ्ठा उघडाच ठेवला. आणि मत तरी कुठे झाकलं म्हणा.

तुम्हाला हे माहीत होतं. एका ओळीत विचारलंत म्हणजे माहीत होतंच. मग इतकी वर्षं का नाही बदललंत? हा प्रश्न आहे, टोमणा नाही. कार्डावर लिहून पाठवा. दोन ओळी लिहिल्यात तर शाई संपणार नाही.

— भावजय

बुधवार, ११ जुलै

वन्सं,

दुसरं कार्ड मिळालं. "बदललं असतं तर माझ्याकडे उरलं काय असतं." हे तुम्ही लिहिलंत, तुम्ही, हे बघून मी खुर्चीवर बसले. तुमच्या भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी अगदी सारख्या. ती आधी जन्मली एवढंच." मी त्याला चहा दिला नाही.

इकडे काय काय झालं ते सांगते, घाईत आहे, गाऊन जायचे आहेत.

गठ्ठे आता मी वाटत नाही. कोणीच वाटत नाही. रात्रीच टेबलावर रांगेने लावून ठेवतो, सोपा अवघड जसा येईल तसा, आणि सकाळी ज्या क्रमाने मशीनी आहेत त्या क्रमाने एकेक जण समोरचा उचलते. दुसऱ्या दिवशी सुरुवात पुढच्या मशीनपासून. सांगायला सोपं. पहिल्या दिवशी बाजार भरला होता. थोरल्या बाईला दिसत नाही, तिला नाड्या आल्या. दोघी गठ्ठा बदलत होत्या तर तिसरी ओरडली की हे चालणार नाही, आजच मोडता का नियम? एकीने उशिरा येऊन मागचा चादरींचा गठ्ठा उचलला आणि पुढच्या अर्ध्या रांगेचं गणित चुकलं. माझ्या मनात आलं, वन्सं टेबलामागे उभ्या असत्या तर एक डोळा वटारून अर्ध्या मिनिटात सगळं झालं असतं. खरंच आलं. मग ठरवलं की दिसत नसेल तिने बदलून घ्यावा, पण सगळ्यांसमोर सांगून. आता बरं चाललंय. भांडणं होतात, पण ती गठ्ठ्याशी होतात. माझ्याशी नाही.

शनिवारी काम संपल्यावर अर्धा तास बसतो. सगळ्यात नवीन जी आली आहे तिने आधी बोलायचं, मग तिच्या आधीची, आणि मी शेवटी. मला वाटलं, आता काय काय बाहेर पडेल, हिशेब विचारतील, दवाखान्याचं विचारतील. नवीन पोरगी उठली, घसा साफ केला, आणि म्हणाली, "संडासाच्या दाराची कडी कधी बसवणार?" सगळ्या हसल्या. पण मग हसणं थांबलं. कारण कडी कित्येक वर्षं नाही. सगळ्या एका हाताने दार धरून बसतात. आणि एकीनेही कधी तोंड उघडलं नाही. तुम्हीही दार धरूनच बसत असाल. मीही तशीच बसत होते. संस्था आपली, दार आपलं, आणि कडी मागायची कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी कडी बसली.

आता मुख्य गोष्ट. मी पद सोडलं आहे. पुन्हा मतदान घेणार, रविवारी, २२ तारखेला. कचेरीतल्या मुलीला विचारलं, असं करता येतं का. ती म्हणाली, येतं, पण तुम्ही तर जिंकलाय ताई. मी तिला बटणांचं सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली आणि मग इतकी हसली की मला पण हसू आलं.

इस्त्रीवाली माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "जिंकलेली खुर्ची कोणी सोडतं का? आम्ही तुझ्यासाठी वाईट झालो, आणि तू शहाणपणा शिकवतेस." तिचं चूक नाही. ज्यांनी मला मत दिलं त्यांना आता मी पाडल्यासारखं वाटतंय. मला सोडायचं नाहीये, वन्सं. नीट ऐका. मला हे काम आवडतं. सकाळी मी दार उघडते तेव्हा बरं वाटतं. दवाखान्याच्या साहेबाशी भाव ठरवताना मी तुमच्यापेक्षा कमी नाही. मी पुन्हा उभी आहे आणि मला निवडून यायचंय. पण काजवालीने मला विचारून बटण टाकलं तर ते मत तिचं नाही, माझंच मी पुन्हा मोजतेय. तसलं मला नको.

या वेळी एकाच जातीची बटणं, नवीन, दुकानातून पाकीट आणलं आहे. पांढरी आणि काळी, आकार एकच, भोकं सारखी. प्रत्येकीला दोन्ही द्यायची. गाऊन घालून बघायचा पडदा आहे ना कोपऱ्यात, त्याच्या आत दोन पिशव्या टांगणार. एकीत मत टाकायचं, दुसरीत उरलेलं, म्हणजे बाहेर येताना हात रिकामा. डबा नको, डब्यात बटण पडलं की आवाज होतो. पिशव्यांना आतून कापूस घातला आहे. कॅनव्हासच्याच आहेत, मी शिवल्या. अंगठा खरंच सुजतो.

तुमचं नाव सभासदांत अजून आहे. तुम्ही सोडून गेलात, आम्ही काढलं नाही. उभं राहायचं असेल तर राहा, शुक्रवारपर्यंत कळवा. पडाल असं मला वाटतं. मी पण पडेन कदाचित. उभं राहायचं नसेल तर नुसत्या मत द्यायला या. बस सकाळी येते, तुमचा भाऊ व्हॅन घेऊन थांब्यावर येईल. माझ्याशी बोलायची सक्ती नाही.

— भावजय

सोमवार, २३ जुलै

वन्सं,

तुम्ही आलात, उभं राहायला नाही तरी मत द्यायला. मला वाटलं नव्हतं.

आत येताना सगळ्या उठल्या, तुम्ही हाताने बसा म्हणालात, आणि मग कुठे बसावं हे तुम्हालाच कळेना. टेबलामागे जायला पाय वळला होता तुमचा, मी बघितलं. मग तुम्ही काजवालीच्या शेजारच्या बाकावर बसलात. ती बिचारी इतकी आकसली की बाकाचं टोक तेवढं तिच्याकडे उरलं. नंतर तुम्ही तिचा अंगठा हातात घेऊन बघत होतात. काय बोललात ते ऐकू आलं नाही, आणि मी तिला विचारलेलं नाही.

पडद्याआड तुम्ही किती वेळ लावलात! बाहेर कुजबुज सुरू झाली. मास्तरीणबाई हळूच म्हणाली, "पिशव्या तपासत असतील, शिलाई नीट आहे का." मी पण हसले. मास्तरीणबाईबरोबर मी हसेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग टेबलावर पिशवी उपडी केली. सगळ्या पुढे वाकल्या, सवयीने. आणि वाचायला काही नव्हतंच. नुसती बटणं. काळी आणि पांढरी, सगळी एकसारखी, एकाच डब्यातून काढल्यासारखी. सगळ्यांचे चेहरे कसे झाले होते, बघितलंत का? चुकल्यासारखे झाले आणि मग सुटल्यासारखे. त्या वेळी पहिल्यांदा सगळ्यांनी खरंच मोजलं. मोठ्याने, एकत्र, शाळेतल्यासारखं.

पांढरी सोळा, काळी पंधरा.

मास्तरीणबाई जिंकली आणि रडली. मी तिचा हात धरला आणि किल्ली तिच्या हातात दिली, टेबलावर आपटली नाही. एवढं तरी माझ्या नावावर लिहा. आज सकाळी मी माझ्या मशीनवर बसले, समोरचा गठ्ठा उचलला, नाड्या होत्या. दुपारी मी तिला म्हटलं, दवाखान्याच्या साहेबाला तू पहिला भाव सांगितलास तो कमी सांगितलास, शनिवारी मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. ती म्हणाली, "बोल की." घाबरली नाही. मी पण घाबरले नाही. आणि संध्याकाळी निघताना लक्षात आलं की हे मी तिच्या तोंडावर बोलले, रस्त्यात नाही.

तरी झोंबतंय. खोटं कशाला बोलू? आधीच्या वेळी अठरा होती, आता पंधरा. ज्या गेल्या त्या कोण, माझ्याच बाजूला बसणाऱ्या, माझाच चहा पिणाऱ्या. इस्त्रीवाली पण असू शकते. कळायला मार्ग नाही. कळायला मार्ग नसावा म्हणूनच मी कापूस घातला होता ना. माझ्याच हाताने माझी वाट बुजवली.

तुमचा भाऊ तुम्हाला थांब्यावर सोडायला आला तेव्हा मी पण व्हॅनमध्ये चढले. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात, मी दुसऱ्या खिडकीतून. तो मधल्यामध्ये गाणं म्हणत होता. बस आली, तुम्ही पायरीवर चढलात, आणि वळून म्हणालात, "गाऊनच्या नाड्या फार आखूड शिवताय तुम्ही. पाठीमागे गाठ बसत नाही." एवढंच. आणि गेलात. मी तिथेच उभी राहून हसत होते की काय करत होते, तुमच्या भावाला विचारा.

बरोबर आहे तुमचं. आखूडच होत्या. आज लांब घेतल्या.

पण वन्सं, कालपासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. एका बटणाचा फरक. तुम्ही पांढरं टाकलं असेल तर मला तुम्ही पाडलंत. काळं टाकलं असेल तर इतक्या जणी मला सोडून गेल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे होतात. या दोन्हींतलं मला जास्त काय लागेल तेच मला ठरवता येत नाहीये. इतकी वर्षं तुमच्या मनात काय आहे ते तुमच्या भुवईवरून कळायचं. काल तुम्ही पडद्यातून बाहेर आलात, मी टक लावून बघत होते, आणि मला काहीही कळलं नाही.

पुढच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी काढून तुमच्याकडे येणार आहे. तुम्ही बोलावलं नाहीत तरी. आले की मी विचारणार, माझ्याच्याने राहवणार नाही. जेवताना विचारीन, झोपताना विचारीन, तुमच्या मुलाकडून काढून घ्यायला बघीन.

सांगू नका. मी कितीही मागे लागले तरी सांगू नका.

— तुमची भावजय